तांदळातलं नाव आणि सहारचा कोच

गेल्या आठवड्यात माझ्या नातीने, तन्वीने, टोरांटोहून माझ्या फोनवर एक नकाशा पाठवला. येत्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे जाणार आहे आणि वाटेत युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर मला विमान बदलायचं आहे. कुठे उतरायचं, कुठल्या छोट्या गाडीत बसायचं, कुठे वळायचं, हे सगळं तिने लाल-हिरव्या रेघांनी आखून दिलं होतं. सोबत तिचा आवाज होता: "आजी, अजिबात घाबरू नकोस. तिथे मदतीला एक बाई असेल. नाहीच भेटली तर एका जागी शांत बसून राहा. ते तुझं नाव पुकारतील."

मी इतकी हसले की कामाला येणारी रेखा हातातलं भांडं तसंच घेऊन बाहेर आली. "आजी, बरं वाटतंय ना?"

बरं वाटत होतं. तन्वी, ओम, ती मदतीची बाई मी होते गं. तुमची आई शाळेत होती तेव्हा मी सांताक्रूझच्या विमानतळावर हेच काम करत होते. आणि "नाव पुकारतील" या वाक्यावर माझा किती भरवसा आहे, ते सांगायला हा लेख. या अंकाच्या वाचकांनीही वाचावा, पण लिहिला आहे तुमच्यासाठी. ओमला जोडाक्षरं अडतात, तेव्हा तन्वीने त्याला मोठ्याने वाचून दाखवावा.

आधी काम समजावून सांगते. मुंबईला धावपट्ट्या त्याच, पण इमारती दोन. जुनी सांताक्रूझची, देशातल्या विमानांसाठी. नवी सहारची, परदेशच्या विमानांसाठी. ती सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. धावपट्टीवरून पाहिलं तर दोन्ही इमारती एकमेकींकडे बघत उभ्या आहेत असं वाटे. पण माणसाला एकीतून दुसरीत जायचं तर बाहेर पडून, हायवेला लागून, अंधेरीच्या अंगाने वळसा घालून जावं लागे. गोव्याहून आलेला माणूस सांताक्रूझला उतरायचा, त्याचं मस्कतचं विमान सहारहून सुटायचं, आणि मधला तो वळसा त्याच्या तिकिटावर कुठेही छापलेला नसायचा. तो वळसा म्हणजे आम्ही. आमचं एक टेबल होतं, त्याला ट्रान्स्फर डेस्क म्हणत, आणि एक बस होती, तिला कोच म्हणत. पुढचं विमान असलेल्यांना गोळा करायचं, त्यांचं सामान पट्ट्यावरून उतरवून घ्यायला लावायचं, कोचमध्ये बसवायचं आणि सहारच्या दारात सोडायचं. काम एवढंच. पण या एवढ्याशा कामात लोक ज्या तऱ्हेने हरवत, त्याचं मला आजही नवल वाटतं.

सहसा ते घाबरून हरवत नसत, प्रेमापोटी हरवत. एकदा आखातातून एक तरुण सहारला उतरला. पुढे संध्याकाळी त्याला नागपूरचं विमान होतं, घरी बहिणीचा साखरपुडा होता. मुलुंडचे त्याचे काका सगळं घर घेऊन हार घालायला आलेले. मी म्हटलं, "कोच उभा आहे." काका म्हणाले, "बाई, अजून किती वेळ आहे! मुलुंड काय लांब आहे? घोटभर चहा घेतो आणि हा आणतो." घोटभर चहाचं पुढे पोळ्यांचं जेवण झालं, वाटेत घाटकोपरला ट्रक आडवा पडला, आणि तो परत आला तेव्हा नागपूरचं विमान निघून गेलं होतं. बाकावर बसून तो काकूने दिलेला लाडवांचा डबा दोन्ही हातांनी धरून बघत राहिला. त्याला मी सकाळच्या विमानात जागा मिळवून दिली, साखरपुडा मात्र त्याच्याशिवाय झाला. त्यानंतर मी नातेवाइकांना सांगायला लागले, चहा इथेच आणा. तर लोक थर्मास आणायला लागले. मग भाजी-पोळी, मग कोलंबी-भात. आमच्या टेबलामागे कधी कधी अशी पंगत बसे की साहेबांनी तिकडे बघायचंच सोडून दिलं.

साहेब म्हणजे डिसोझा, आमचे ड्यूटी ऑफिसर. सहार गावठाणातलेच. शर्टाला कडक इस्त्री, मिशीला त्याहून कडक. "आमची भातशेती होती तिथे आता विमानं उभी राहतात," असं ते कधीमधी म्हणत, तक्रारीच्या सुरात नाही, पत्ता सांगावा तसं. नियमाला पक्के. माझ्यासोबत हेमा होती, तिच्याकडे माइक होता. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आवाज इतका गोड की उशीर झाल्याची घोषणासुद्धा लोक मन लावून ऐकत. आणि कोचचे ड्रायव्हर सावंत, मूळचे कणकवलीकडचे, बोलायला रोखठोक.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, त्या दिवशी सकाळीच आमच्या टेबलावरचा फोन वाजला. गोव्याच्या विमानतळावरून कुणी परब म्हणून मुलगा बोलत होता. कुडाळहून आईला सोडायला आला होता.

"मॅडम, आवस आमची पयल्यांदाच इमानात बसली आसा. फुडे सहारेक नेऊन पोचवशात मां? भयण थय एकटीच आसा. दिवस भरत इले."

बहीण बहरीनला होती. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, महिनोन्‌महिने समुद्रात. पहिलं बाळंतपण, आणि तिथे जवळचं कुणी नाही. आई पोचली तर पोचली. त्या विमानकंपनीचं पुढचं विमान थेट पुढच्या आठवड्यात होतं आणि लेकीला डॉक्टरांनी दिलेली तारीख त्याच्या आधीची. मी त्याला शब्द दिला, "काळजी करू नका, मी स्वतः नेईन." शब्द द्यायची मला सवय होती. तोवर तो मोडायची वेळ क्वचितच आली होती.

गोव्याहून टेलेक्सवर लेखी निरोपही आला: श्रीमती सुहासिनी परब, पहिला प्रवास, फक्त मराठी, मदत करावी.

विमान उशिरा आलं. त्याच सुमाराला अहमदाबादचं आणि दिल्लीचंही आलं, त्यामुळे सामानाच्या पट्ट्याभोवती माणसांच्या तीन-तीन रांगा. आमचे पुढे जाणारे प्रवासी एकेक करून टेबलापाशी जमले, कोचमध्ये बसले. सुहासिनीबाई आल्या नाहीत. हेमाने इंग्रजीत पुकारलं. हिंदीत पुकारलं. मी माइक घेऊन मराठीत पुकारलं. कुणी हललं नाही. मी पट्ट्यापाशी गेले, तर गर्दी ओसरत आली होती आणि एक नवी कोरी बॅग, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली, एकटीच फिरत होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं: परब, कुडाळ. म्हणजे बाई इथेच कुठेतरी होत्या.

मी एकेका वयस्क बाईला विचारत सुटले. "सुहासिनीबाई तुम्हीच का?" एक म्हणाली, मी वडोदऱ्याची. एक म्हणाली, नाही हो. समोरच्या बाकावर नऊवारीतली एक किडकिडीत म्हातारी कापडी पिशवी उराशी धरून बसली होती. तिने मानही नीट न वळवता म्हटलं, "नाय गो बाय." मी पुढे गेले. स्वच्छतागृहं पाहिली, बाहेरचा टॅक्सीचा थांबा पाहिला.

कोचमधून टाय लावलेला एक प्रवासी उतरून आला. "एका बाईसाठी आम्ही सगळ्यांनी आपापली विमानं सोडायची का?"

त्याचंही बरोबर होतं. डिसोझा साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सावंतांना हात केला. "कोच काढा."

सावंत माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, म्हातारी ऐकायला कमी येणारी असेल. नाहीतर एवढ्या हाका मारल्यावर दगड पण उठला असता." आणि कोच निघून गेला. बहरीनला बसलेल्या त्या अनोळखी मुलीचा चेहरा, मी कधी न पाहिलेला, माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"एकदा अजून पुकारते," हेमा म्हणाली. "काय गोड नाव आहे गं, सुहासिनी. माझं असतं तर मी पहिल्या हाकेला उठले असते."

आणि मला माझा पार्ल्यातला दवाखाना आठवला.

तुम्हाला हे ठाऊक नसेल. आमच्या वेळी लग्नात नवरीचं नाव बदलायचं. चांदीच्या ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. माहेरी मी विमल. लग्नात तुमच्या आजोबांनी तांदळात लिहिलं, मृणालिनी. पंधराएक दिवसांनी तापाने फणफणून मी दवाखान्यात गेले. कंपाउंडर आतून ओरडत होता, "मृणालिनी केळकर! मृणालिनी केळकर!" आणि मी शाल गुंडाळून विचार करत बसले होते, कोण ही निष्काळजी मुलगी, औषध तयार आहे तरी उठत नाही. मला निदान पुढे ऑफिसात, बँकेत, शाळेच्या सभेत त्या नावाची सवय झाली. पण कुडाळच्या वाडीत राहिलेल्या बाईला सुहासिनी अशी हाक कोण मारणार होतं? आणि कधी?

मी हेमाच्या हातातून माइक घेतला.

"गोव्याच्या विमानाने आलेल्या, आणि लेकीच्या बाळंतपणाला परदेशी चाललेल्या आजी! तुमची लेक वाट बघते आहे. जिथे असाल तिथे उभ्या राहा!"

"मृणाल, हे काय!" हेमाने कपाळाला हात लावला. डिसोझा साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले. विमानतळाच्या भोंग्यावरून बाळंतपण हा शब्द त्याआधी कधी गेला नसावा.

सभागृहात तीन बायका उभ्या राहिल्या.

मघाची वडोदऱ्याची म्हणाली, "मी पण लेकीच्याच बाळंतपणाला आले हो, पण गिरगावात. आत्ताच अहमदाबादच्या विमानाने उतरले." दुसरी, चांगली जाडजूड, म्हणाली, "माझी सून बाळंतीण आहे, पण घरीच, बोरिवलीला. काय झालं तिला?" तिची समजूत घालायला हेमाला धावावं लागलं. आणि तिसरी ती बाकावरची किडकिडीत म्हातारी, पिशवी तशीच उराशी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चेडवान बोलावल्यान? बरी आसा मां ती?"

"बरी आहे, बरी आहे," मी तिचा हात धरला. "पण काकी, मघापासून हाका मारतोय. उठला का नाहीत? मी तुम्हाला विचारलंसुद्धा!"

"माका?" ती थक्क झाली. "तू त्या सुहासिनीक इचारलंस. किती हाको मारल्यात तिका! मेली उठता काय? माका तर रागच इलो. म्हटला, कसली बाई ही!"

"आणि परब म्हटलं ते?"

"परब काय, आमच्या वाडयेत सगळेच परब."

"आणि तुमची बॅग? ती तर समोर फिरत होती."

"झिलान सांगलेला, पेटयेवरची नजर काढू नको. म्हणान हयच बसलंय. एकदा पण नजर काढूक नाय." हे तिने अभिमानाने सांगितलं, आणि खरंच, तिने मुलाचं सांगणं शब्दन्‌शब्द ऐकलं होतं.

कोच गेलेला. टॅक्सीवाल्यांची नेहमीची घासाघीस करायला वेळ नव्हता. मी डिसोझा साहेबांकडे बघितलं. नियमाप्रमाणे त्यांनी तिकीट पुढच्या आठवड्यावर ढकलायला हवं होतं. त्यांनी खिशातून स्वतःच्या फियाटची किल्ली काढली.

"बॅग डिकीत टाका. मिसेस केळकर, पुढे बसा. हेमा, सहारला फोन कर, काउंटर बंद करू नका म्हणावं. मी आणतोय म्हणून सांग."

हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या. साहेबांनी गाडी बामणवाड्याच्या गल्लीत घातली. बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास मागे पडला आणि आम्ही क्रूस, कौलारू घरं, वाळत घातलेले कपडे यांच्यामधून निघालो. लहानपणापासूनची त्यांची वाट. एके ठिकाणी एक बाई दारात मासे निवडत बसली होती, तिला ओरडून त्यांनी पाट हलवायला लावला.

मी मागे वळून म्हटलं, "काकी, तिथे साहेब लोक तुम्हाला नाव विचारतील. पासपोर्टावर आहे तेच सांगायचं. सुहासिनी."

"ता माझा नाव नाय गो."

"मग तुमचं कुठलं?"

"म्हायेरात चंद्री. सासराक सगळी काकी म्हणतत." तिने पिशवी मांडीवर ठेवली. "आता सांगतंस तर आठावला. लग्नात तांदळात लिवलेल्यानी कायतरी. दुसऱ्या दिवशी सासून त्याच तांदळाची पेज केली. सगळी जेवली. नाव पोटात गेला. मगे कोणी हाक मारूक नाय."

डिसोझा साहेबांच्या हातून एक गिअर चुकला. मग ते आरशात बघून म्हणाले, "काकी, आता म्हणा. मोठ्याने. सुहासिनी."

"आणि घोवाचा नाव? ता मी घेवचय नाय."

"नवऱ्याचं नाव पासपोर्टात लिहिलंय. तुम्ही तुमचं तेवढं सांगा."

आणि मग सहारचं वळण येईपर्यंत ती मागच्या सीटवर पाढे पाठ करावेत तशी म्हणत राहिली: सुहासिनी परब, सुहासिनी परब. आधी पुटपुटत, मग जरा चढ्या आवाजात. शेवटी शेवटी तर तिला हसूच यायला लागलं.

काउंटरवरची मुलगी खुर्ची सरकवून उठत होती. साहेबांनी लांबूनच हात वर केला. बॅग गेली, कार्ड मिळालं. पासपोर्ट तपासणीच्या रेघेपलीकडे मला जाता येत नव्हतं. मी खांबापाशी उभी राहिले. खिडकीतल्या माणसाने काही विचारलं. काकीने पिशवी सावरली, मान वर केली, आणि तिचं ते नाव मला इतक्या लांबवर ऐकू आलं. शिक्का बसल्याचा आवाजही आला. तिने वळून पाहिलं नाही. पेटीवरची नजर काढायची नाही तसं आता तिने पुढच्या दारावर लक्ष ठेवलं होतं.

परत येताना मी साहेबांना म्हटलं, "गोव्याला, नागपूरला, औरंगाबादला कळवू या का? म्हाताऱ्या माणसांचं पासपोर्टातलं नाव पाठवता, तसं घरी काय म्हणतात तेही पाठवा."

"हे कुठल्या नियमात बसतं, मिसेस केळकर?"

"कुठल्याच नाही."

"मग सहीला आणू नका. तुम्हीच पाठवा."

आणि टेलेक्स यायला लागले. जिजी. बयो. मोठी आई. अक्का. हेमा आपल्या कॉन्व्हेंटच्या सुरात घोषणा करायची, "पॅसेंजर बयो, कृपया ट्रान्स्फर डेस्कपाशी यावे," आणि कोपऱ्यातून कुणीतरी लगबगीने उठून यायचं. नागपूरहून एकदा उत्तर आलं, घरी नुसतं "अगं" म्हणतात. हेमाने ते पुकारायला साफ नकार दिला. मी पुकारलं. अर्धं सभागृह वळून बघायला लागलं, पण आमची बाई आली.

सगळेच सापडले असं नाही. काही विमानं चुकलीच, काही माणसं आमच्या डोळ्यांदेखत चुकीच्या दाराने बाहेर गेली. मुलुंडच्या काकांच्या पुतण्याचा तो डबा मला अजून दिसतो. पण नावामुळे कुणी राहून गेलं असं त्यानंतर झालं नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे. कुठल्याही प्रमाणपत्रावर तो लिहिलेला नाही, म्हणून इथे लिहिते.

पावसाळा संपता संपता एका दुपारी सावंतांचा कोच सहारहून आला. गोव्याचं विमान लागायचं होतं. यादीत नाव बघून हेमाने मला कोपराने ढोसलं आणि मुद्दाम पासपोर्टातलंच पुकारलं: श्रीमती सुहासिनी परब.

नाव पुरतं व्हायच्या आत बाकावरून एक हात वर गेला. "मी गो, मी! तीच ती मेली सुहासिनी!"

अंगावर नवी शाल, पायात मोजे. शेजारच्या प्रवाशांना ती सांगत होती, "माका बोलावतत." लेकीला चेडू झालं होतं, काकी पोचल्यावर चारच दिवसांनी. रात्रभर लेकीचा हात तिच्याच हातात होता म्हणे. मी नातीचं नाव विचारलं.

"नाव खंयचाय ठेवा म्हटलंय. पण फुडे लगीन झाला तरी बदलूक देव नको, असा सांगून इलंय चेडवाक."

तन्वी, तुझ्या आईच्या लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा मी तुझ्या बाबांच्या कानात काय सांगितलं, हे ते तुला कधी बोलले नसतील. त्यांनी अंगठी घेतली आणि तांदळात लिहिलं, अमृता. तिचं होतं तेच. भटजी जरा घुटमळले. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाची खिचडी मी केली आणि सगळ्यांना पोटभर वाढली, कारण आता ते नाव हरवायची भीती नव्हती.

तर मे महिन्यात मी निघते आहे. आयुष्यभर लोकांना विमानापर्यंत पोचवलं, पण असं मधे उतरून दुसरं विमान पकडायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच येते आहे. तुझा नकाशा मी छापून घेतला आहे. तिकिटावर नाव आहे मृणालिनी केळकर, आणि मला ते पक्कं ठाऊक आहे. मी कान उघडे ठेवून बसेन. पण वय झालं आहे, परक्या उच्चारात ते कसं ऐकू येईल सांगता येत नाही. तेव्हा त्या मदतीच्या बाईला तू आधीच कळवून ठेव: पहिल्या दोन हाकांना उठले नाही तर तिने सरळ माइक घ्यावा आणि मराठीत "आजी!" म्हणून हाक मारावी.

दोन-तीन जणी उभ्या राहतील. त्यांतली सगळ्यात आधी उठलेली मी असेन.